घरी बसून करता काय?

जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं कर्मचाऱ्यांसमोरचं एक बोलणं देशभर गाजलं. आठवड्याला नव्वद तास काम व्हावं, रविवारीही लोकांना कामाला लावता येत नाही याची खंत वाटते, आणि घरी बसून बायकोकडे पाहून पाहून पाहणार तरी किती, असा त्याचा मथितार्थ होता. लोकांनी त्यावर विनोद केले, बायकांनी उलट प्रश्न विचारले आणि थोड्याच दिवसांत विषय मागे पडला. त्या बोलण्यामागचा समज मात्र जागच्या जागी आहे. घर ही बसण्याची जागा, काम ही कचेरीत दिसणारी गोष्ट, आणि जो डोळ्यांसमोर नाही तो काहीच करत नाही, असा तो समज. करोना ओसरल्यापासून कर्मचाऱ्यांना कार्यालयात परत बोलावण्याची जी मोहीम चालली आहे, तिच्या मुळाशी हाच आहे.

मोहिमेच्या बाजूने मुख्यतः चार गोष्टी सांगितल्या जातात. घरून काम नीट होत नाही. नव्या मुलांना शिकायला मिळत नाही. ज्यांना घरून काम करताच येत नाही, त्यांच्यावर हा अन्याय आहे. आणि लोक घरी राहिले की कार्यालयांभोवती उभी राहिलेली बाजारपेठ मरते. यातलं काहीही हसण्यावारी नेण्यासारखं नाही. घरून कामाचे तोटे खरे आहेत. काही तर या मंडळींना दिसतात त्याहून गंभीर आहेत. पण त्या तोट्यांचं खापर घरावर फोडायचं आणि सगळ्यांना सक्तीने परत आणणं हाच त्यावरचा इलाज म्हणून गळी उतरवायचा, हे मला मान्य नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार आहे.

उत्पादकतेच्या बाबतीत दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा अभ्यास खिशात घेऊन फिरतात. घरून कामाचे समर्थक शांघायच्या सीट्रिप या पर्यटन कंपनीचा दाखला देतात. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०-११ मध्ये तिथल्या कॉल सेंटरमध्ये एक प्रयोग केला. घरून काम करायची तयारी दाखवणाऱ्यांपैकी ज्यांची जन्मतारीख सम, त्यांना आठवड्याचे चार दिवस घरी पाठवलं. विषम तारखेवाले कार्यालयातच राहिले. नऊ महिन्यांत घरच्या गटाचं काम १३ टक्क्यांनी वाढलं आणि नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची फारसं कुणी सांगत नाही. त्या १३ पैकी ९ टक्के वाढ ही माणसं जास्त मिनिटं कामाला बसल्यामुळे झाली होती. आजारपणाच्या रजा आणि मधल्या सुट्ट्या कमी झाल्या होत्या. तेवढ्याच कामगिरीवर बढती मिळण्याच्या बाबतीत घरचे लोक मागे पडले. आणि प्रयोग संपल्यावर हवं ते निवडा म्हटलं, तेव्हा घरी गेलेल्यांतले जवळपास निम्मे लोक एकटेपणाला कंटाळून कार्यालयात परतले.

विरोधकांच्या खिशात चेन्नईचा अभ्यास असतो. डेव्हिड अ‍ॅटकिन, आंट्वानेट शोअर आणि सुमित शिंदे यांनी डेटा एन्ट्रीच्या कामगारांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं घरी आणि कार्यालयात वाटून दिलं. घरी बसलेल्यांचं काम १८ टक्क्यांनी कमी भरलं. आशियातल्या एका मोठ्या आयटी सेवा कंपनीतल्या दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या अभ्यासातही करोनाकाळात कामाचे तास वाढले, पण काम वाढलं नाही. ताशी हिशेब केला तर उत्पादकता ८ ते १९ टक्क्यांनी घसरली. हे आकडे मी लपवत नाही. ते लपवून घरून कामाची बाजू मांडता येत असेल, तर ती बाजूच लंगडी आहे.

पण चेन्नईचा अभ्यास नीट वाचावा. ज्यांना घरून काम हवं होतं, त्यांची घसरण २७ टक्के होती. ज्यांना कार्यालयच पसंत होतं, त्यांची १३ टक्के. घर मागणारे कामचुकार असतात, हा याचा अर्थ लावणाऱ्यांनी पुढचं पानही उलटावं. ही तफावत ज्यांच्यामुळे पडली, त्यांत घरी लहान मुलं असलेले, कुणाची तरी सेवा करावी लागणारे आणि गरीब घरांतले लोक होते. म्हणजे ज्यांना बाहेर पडणंच अवघड, त्यांना घरी काम करणंही सर्वांत अवघड. अशा माणसाला कार्यालयात यायचा हुकूम दिला तर तो २७ टक्के जास्त काम करणार नाही. तो नोकरी सोडेल. बहुतेक वेळा 'ती' सोडेल.

आणि ज्या सीट्रिपवरून वाद सुरू झाला, तिनेच पुढे ट्रिप डॉट कॉम या नावाने दुसरा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. १,६१२ कर्मचारी, त्यांतल्या एका गटाला आठवड्याचे दोन दिवस घरून काम करण्याची मुभा, दुसऱ्याला पाचही दिवस कार्यालय. पुढच्या दोन वर्षांच्या मूल्यमापनात आणि बढत्यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. राजीनामे मात्र एक तृतीयांशाने घटले, आणि सर्वांत जास्त घटले ते बायकांचे आणि लांबून येणाऱ्यांचे. कंपनीचं काहीही न बिघडता माणसं टिकत असतील, तर पाच दिवसांच्या सक्तीसाठी उत्पादकतेची ढाल पुढे करू नये. खरं कारण दुसरं काही असेल तर ते सांगावं.

दुसरा मुद्दा शिकण्याचा, आणि या मोहिमेतला मला सर्वांत पटणारा. नुकतं कॉलेज संपवून आलेलं पोरगं वरिष्ठाच्या शेजारी बसून जे उचलतं, ते व्हिडिओ कॉलवर मिळत नाही. ग्राहकाने आवाज चढवला की काय बोलायचं, कोणता मेल पाठवण्याआधी रात्र जाऊ द्यायची, चूक झाली तर कुणाला आधी सांगायचं, या गोष्टी कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. एकत्र बसणाऱ्या सॉफ्टवेअर इंजिनियरांना एकमेकांकडून जास्त सूचना मिळतात आणि त्याचा लाभ नवख्यांना जास्त होतो, हे अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलंही आहे.

मग परत बोलावलेल्या कार्यालयात हे शिकणं होतं का, एवढंच पाहावं. पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कमधल्या कुठल्याही मोठ्या इमारतीत सकाळी अकरा वाजता चक्कर मारा. ठरलेली जागा कुणालाच नसते. ज्याला जे टेबल मिळेल ते त्याने घ्यायचं. प्रत्येकाच्या कानात हेडफोन असतात. नवख्या मुलीचा वरिष्ठ बंगळुरूत, त्याचा वरिष्ठ न्यू जर्सीत, आणि ती ज्या तीस जणांच्या घोळक्यात बसली आहे, त्यांतल्या कुणाचंही तिच्या प्रकल्पाशी काही देणंघेणं नसतं. दीड तास रस्त्यावर घालवून ती इथे येते ती व्हिडिओ कॉल लावायला. शिकवण्यासाठीच बोलवायचं असेल, तर संपूर्ण गट एका दिवशी बोलवा, वरिष्ठांना आधी बोलवा, त्या दिवशी कॉल ठेवू नका आणि शिकवण्याचे तास वरिष्ठाच्या मूल्यमापनात धरा. असा नियम असेल तर कर्मचारी स्वतःहून येतील. पण परिपत्रकांत गेटवर कार्ड टेकवल्याची नोंद असते. शिकवण्याचा उल्लेखही नसतो.

तिसरा आरोप नैतिक आहे. मे २०२३ मध्ये एलॉन मस्क यांनी एका मुलाखतीत तो रोखठोक मांडला. गाडी बनवणारा, घर बांधणारा, अन्न शिजवणारा माणूस घरून काम करू शकत नसताना लॅपटॉपवाल्यांनी ही चैन मागणं नीतीला धरून नाही, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला ते मोठं समतावादी वाटतं. आपल्याकडेही, 'नर्स येते, कंडक्टर येतो, धुणंभांडी करणाऱ्या मावशी येतात, मग तुम्हालाच काय झालं?' असा सवाल टाकला की समोरचा गप्प होतो.

गप्प होण्याचं कारण नाही. इंजिनियर हिंजवडीजवळच्या भूमकर चौकातल्या कोंडीत अडकल्याने मावशींच्या पगारात एक रुपयाची भर पडत नाही. उलट त्यांची बस त्याच कोंडीत अडकते. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुणे हे जगातलं चौथ्या क्रमांकाचं संथ शहर ठरलं. दहा किलोमीटर जायला त्या वर्षी सरासरी ३३ मिनिटांहून जास्त वेळ लागला. ज्यांचं काम घरून होऊ शकतं ते दोन दिवस घरी राहिले, तर रस्ता ज्यांना टाळता येत नाही त्यांच्यासाठी मोकळा होतो. मुंबईत तर हा जिवाचा प्रश्न आहे. तिथल्या उपनगरी रेल्वेमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. ९ जून २०२५ ला सकाळच्या गर्दीत मुंब्र्याजवळ दारात लोंबकळणारे प्रवासी गाडीबाहेर फेकले गेले, त्यांतले काही दगावले. त्यानंतर दरवाजे बंद करण्याची चर्चा झाली, कार्यालयांच्या वेळा बदलण्याचीही झाली. ज्यांना त्या गाडीत चढण्याची मुळात गरज नाही त्यांना चढवू नका, ही साधी गोष्ट मात्र मालकवर्गातून कुणी जोरात बोललं नाही. बोलणार कशाला? प्रवासाचा वेळ, त्यातला धोका आणि थकवा यांपैकी काहीच कंपनीच्या ताळेबंदात येत नाही. तो सगळा खर्च कर्मचारी आणि शहर मिळून भरतात.

समतेची एवढीच कळकळ असेल, तर नर्सला रात्रपाळीनंतर घरी सोडायला गाडी द्या, मावशींना पगारी रजा द्या. एकाला न मिळणारी सवलत दुसऱ्याकडूनही काढून घेणं, याला न्याय म्हणत नाहीत.

चौथा मुद्दा पोटाचा आहे, त्यामुळे त्यावर तोऱ्यात बोलता येत नाही. २०२० च्या टाळेबंदीनंतर आयटी पार्कभोवतीच्या टपऱ्या, खानावळी, मुलामुलींची पीजी, कंपन्यांना गाड्या लावणारे चालक हे सगळे उघड्यावर पडले. कर्ज काढून घेतलेल्या गाड्या महिनोन्‌महिने उभ्या राहिल्या. त्या माणसांचं नुकसान झालं आणि त्यांच्यासाठी कुणीही काही केलं नाही, कंपन्यांनीही नाही. आज त्याच कंपन्या त्यांच्या नावाने गळा काढतात तेव्हा आश्चर्य वाटतं. कारण स्वतःचं कॅन्टीन बड्या कंत्राटदाराला देऊन टपरीवाल्याला गेटपासून दूर हटवणाऱ्याही याच. शिवाय माणूस घरी राहिला म्हणून चहा प्यायचं सोडत नाही. हिंजवडीत खर्च होणारा पैसा मग चिपळूणला, इस्लामपूरला, लातूरला किंवा शहरातल्याच दुसऱ्या गल्लीत खर्च होतो. महाराष्ट्राची सगळी कमाई दोन-तीन शहरांत कोंबली गेली म्हणून गळे काढायचे आणि ती थोडी पांगायला लागली की शहर बुडालं म्हणून ओरडायचं, या दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने शोभत नाहीत.

इथपर्यंत मी परत बोलावणाऱ्यांशी भांडलो. आता दुसऱ्या बाजूच्या भाबडेपणाशीही भांडायला हवं, कारण त्यानेच मोहिमेला बळ दिलं आहे. घरून काम म्हणजे बायकांना वरदान, असं म्हणणाऱ्यांनी एखाद्या घरात सकाळी डोकवावं. आमच्या इमारतीत दोघंही आयटीत असलेलं एक जोडपं आहे. घरातलं एकुलतं मोठं टेबल त्याच्याकडे, कारण त्याचे कॉल 'महत्त्वाचे'. तिचा लॅपटॉप ओट्याच्या कडेला, पालथ्या घातलेल्या स्टीलच्या डब्यावर. कुकर फुसफुसायला लागला की शिट्टीच्या आत ती म्यूटचं बटण दाबते. त्या अंदाजात ती आता तरबेज झाली आहे. सासूबाई गोळी तिच्याकडे मागतात, कुरियरवाल्याला दार ती उघडते, शाळेच्या ग्रुपवरचा निरोप ती वाचते, कारण 'तू घरीच तर असतेस'. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी तिची गत आहे.

ही एका घरातली गोष्ट नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवतात, आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ८८ मिनिटं. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. मधल्या पाच वर्षांत करोना आला, लाखो पुरुष दिवसभर घरात राहिले, स्वयंपाकघर दहा पावलांवर आलं. तरीही बायकांची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांचीही नऊ कमीच झाली. कायद्यानेही नोकरदार बाईला फारसा हात दिलेला नाही. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची रजा दिली, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं केलं आणि रजेनंतर घरून कामाची तरतूदही केली. पण ती तरतूद कामाचं स्वरूप तसं असेल तर, आणि मालकाशी ठरेल त्या अटींवर. मालकाशी अटी ठरवण्याची ताकद सहा महिन्यांच्या बाळाच्या आईकडे किती असते, हे सांगायला नको. पाळणाघर मागितलं तर 'घरून काम कर की' आणि घरून काम केलं तर बढतीच्या वेळी 'तू दिसत नाहीस', या कात्रीत ती सापडते. हा घरून कामाचा सर्वांत मोठा तोटा आहे. तो दूर करण्याचं काम नवऱ्याचं, मालकाचं आणि सरकारचं आहे. तिला पुन्हा बसच्या रांगेत उभी केल्याने यातलं काहीच सुटत नाही; फक्त कुकर सकाळी सहाला लावावा लागतो.

आणि घरून काम २०२० मध्ये सुरू झालं, हाही शहरी मध्यमवर्गाचा गैरसमज. महाराष्ट्राला त्याचा जुना अनुभव आहे. तो लॅपटॉपवाल्या नोकरदारांना माहीत नाही इतकंच. सोलापुरात हजारो बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी बिड्या वळतात. तेंदूची पानं आणि तंबाखू कारखान्यातून आणायची, पानं भिजवायची, पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कात्रीने कापायची, वळायची, दोरा बांधायचा, मजुरी हजारावर. पानं कमी पडली किंवा सडकी निघाली तर पदरचे पैसे घालायचे. जागा तिची, दिवा तिचा, पोरांचे हात तिचे. मोजणीला बसलेल्या माणसाने छाटीत काढलेल्या बिड्यांचा पैसा नाही. कंपनीला घरून काम इतकं का परवडतं, याचं उत्तर त्या फर्म्याशेजारी सापडतं.

पण त्याच बायकांनी आणि त्यांच्या संघटनांनी लढून काही मिळवलंही. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून वळणारीलाही कर्मचारी मानलं. कच्चा माल, छाट आणि तिची मजुरी यांवरचे तंटे सोडवण्याची सोय केली. मालकांनी भविष्य निर्वाह निधी नाकारला, तेव्हा १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पी. एम. पटेल अँड सन्स खटल्यात त्यांचं म्हणणं फेटाळलं. ती आमच्या छपराखाली नाही, मग तिच्यावर आमची देखरेख कुठे, हा मालकांचा युक्तिवाद. माल नाकारण्याचा अधिकार तुमच्या हातात आहे, तीच देखरेख, असं न्यायालयाचं म्हणणं. घरच्या माणसावर लक्ष कसं ठेवायचं म्हणून आज डोकं धरून बसलेल्या मनुष्यबळ विभागांनी तो निकाल जरूर वाचावा. काम तपासता येतं. माणूस तपासावा लागत नाही.

मुंबईत गिरगावात १९५९ मध्ये सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथेही काम घरूनच. केंद्रावरून पिठाचे गोळे न्यायचे, घरी लाटायचे, वाळवून परत आणायचे. काम बिडीइतकंच कष्टाचं. पण लाटणारी तिथे मालकीण आहे, वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, वेळच्या वेळी हातात पडते, नफ्यात तिचा वाटा असतो. सोलापूरची बाई आणि लिज्जतची बहीण, दोघीही घरीच बसतात. त्यांच्या आयुष्यात पडलेला फरक हा खर्च कुणी सोसायचा, वेळेवर कुणाचा ताबा आणि फायदा कुणाचा, यामुळे पडला आहे. लॅपटॉपवाल्यांच्या बाबतीतही वादाचा मुद्दा हाच असायला हवा होता. आपण मात्र गेली काही वर्षं खुर्ची कुठे ठेवायची यावर भांडत बसलो.

करोनाकाळात कंपन्यांची सुंठीवाचून खोकला जावा तशी सोय झाली. भाडं, वीज, कॅन्टीन, गाड्या यांवरचा खर्च वाचला आणि कर्मचाऱ्याच्या घरातली वीज, इंटरनेट, एक अख्खी खोली फुकट वापरायला मिळाली. सरकारनेही कंपन्यांसाठी तत्परता दाखवली. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागाने कॉल सेंटरांवरचे निर्बंध सैल केले. जुलै २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांतल्या (सेझ) कंपन्यांसाठी घरून कामाचा स्वतंत्र नियम आला. कर्मचाऱ्याच्या वाट्याला काय आलं? सेवाक्षेत्रासाठीच्या आदर्श स्थायी आदेशांच्या मसुद्यात, मालक घरून काम करू देऊ 'शकतो', एवढी एक ओळ. शक्यता मालकाची, मर्जी मालकाची. म्हणूनच टीसीएससारखी कंपनी एप्रिल २०२० मध्ये सांगू शकते की २०२५ पर्यंत एका वेळी फक्त २५ टक्के लोकांना कार्यालयात असावं लागेल, आणि तीच ऑक्टोबर २०२३ मध्ये पाचही दिवस या म्हणून सांगू शकते. पहिल्या घोषणेवर विश्वास ठेवून कुणी गावी घर बांधलं असेल, मुलांना तिथल्या शाळेत घातलं असेल, तर तो त्याचा प्रश्न. व्हिडिओ कॉलच्या धंद्यावर मोठी झालेली झूम कंपनीसुद्धा २०२३ मध्ये जवळ राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना आठवड्याचे दोन दिवस कार्यालयात बोलावते, तिथे इतरांचं काय सांगावं.

राहिला वेळ. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून झगडा दिला, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली. काम आणि सुट्टी यांच्यातली ती भिंत घरून कामाने पाडली, हे मी मान्य करतो. रात्री साडेदहाला 'एक मिनिट बोलू का' असा मेसेज येतो आणि ते मिनिट बारापर्यंत चालतं. पण ती भिंत कार्यालयात गेल्याने परत उभी राहते का? पाच दिवस कार्यालयात जाणाऱ्यालाही तोच मेसेज येतो, वर प्रवास वेगळा. इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी २०२३ मध्ये तरुणांकडून आठवड्याला सत्तर तासांची अपेक्षा केली, ती काही घरी बसणाऱ्यांपुरती नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानं आणि आस्थापनांसाठी रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून दहा तास करण्याचा निर्णय घेतला. त्यात कार्यालयंही आली. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. पोर्तुगालने २०२१ मध्ये घरून काम करणाऱ्यांना ठरल्या वेळेबाहेर त्रास द्यायला मालकांना मनाई केली आणि घरचा वाढीव खर्चही त्यांच्यावर टाकला. त्याने तिथल्या कंपन्या बुडाल्या नाहीत.

आपल्याकडे हक्काच्या जागी पाळत आली. ओळखीतला एक तरुण आर्किटेक्चरचे आराखडे आधी कागदावर काढतो. तेवढ्या वेळात संगणकावर हालचाल झाली नाही की पडद्यावरचा हिरवा ठिपका पिवळा होतो आणि विचारणा होते. म्हणून तो मनगटी घड्याळ टेबलावर उताणं ठेवतो आणि त्यावर माऊस ठेवतो. सेकंदकाटा फिरतो, कर्सर थरथरतो, ठिपका हिरवा राहतो आणि हा शांतपणे पेन्सिलीने काम करतो. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने कीबोर्ड चालू असल्याचा भास निर्माण केल्याबद्दल डझनभराहून अधिक लोकांना काढलं. त्यांतले काही खरोखर कामचुकार असतीलही. पण ज्या व्यवस्थापनाला वर्षभराच्या कामावरून माणूस ओळखता येत नाही आणि ठिपक्याच्या रंगावरून ओळखावा लागतो, त्याची अडचण घर ही नाही. तेच व्यवस्थापन कार्यालयात खुर्चीवर टांगलेला कोट पाहून समाधान मानत होतं.

म्हणून घरून कामाचे फायदे-तोटे दोन रकान्यांत मांडून बेरीज-वजाबाकी करण्यात मला रस नाही. जवळपास प्रत्येक तोट्याला नियमाने लगाम घालता येतो, आणि नियम नसेल तर प्रत्येक फायदा मालकाच्या एका मेलने परत घेता येतो. किती दिवस घरून, किती दिवस कार्यालयात, हे नेमणूकपत्रात लिहिलेलं असावं आणि बदलायचं तर कर्मचाऱ्याच्या संमतीने, पुरेशी मुदत देऊन. वीज-इंटरनेटचा खर्च कंपनीने उचलावा. कामाचे तास आणि नंतरची शांतता कायद्यात यावी. घरून काम दिलं म्हणून पाळणाघराची जबाबदारी टळू नये. घरी जागा नसलेल्याला, घरात जीव गुदमरणाऱ्याला पाचही दिवस कार्यालयात टेबल मिळावं. तोही हक्कच आहे. आणि हे सगळं बिडी वळणाऱ्या, कपड्यांना बटणं लावणाऱ्या बायकांनाही लागू व्हावं. घरून काम करणाऱ्यांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार १९९६ चा आहे. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. लॅपटॉपवाले त्यांच्या बाजूने उभे राहिले तर हे घडायला निदान आवाज तरी मिळेल. आजवर दोघांनाही एकमेकांची आठवण झालेली नाही.

तोवर परत या म्हणणारा प्रत्येक मेल आला की कर्मचाऱ्यांनी गटाने, लेखी, तीन गोष्टी विचाराव्यात. आमचं काम कमी भरलं असेल तर कशाने मोजलं ते दाखवा. कार्यालयात आल्यावर कोण कुणाला काय शिकवणार, ते सांगा. आणि आमच्या येण्याजाण्याचे तास कामात धरणार का, त्याचं उत्तर द्या. तिन्हींची धड उत्तरं मिळाली तर जरूर जावं. नाही मिळाली, तर बोलावणं कामासाठी नाही एवढं स्पष्ट होईल, आणि मग घरी बसून करता काय, हे विचारण्याचा अधिकारही बोलावणाऱ्यांना उरणार नाही.